दशमीचं पान

१५ सप्टेंबर. उडदाची डाळ भिजत घातली आहे. उद्या बाबांची तिथी. गवार इथे डब्लिनमध्ये गोठवलेलीच मिळते, ती ओंगारच्या भारतीय दुकानातून सकाळी आणून ठेवली. आमसुलं होती, भोपळा चिरून झाला. आई हल्ली माझ्याकडेच असते. तिचे गुडघे गेले आहेत, पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या जागेवरून हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत. मघाशी म्हणाली, "डाळ फार भिजवू नकोस. शैलाचे वडे तेल प्यायचे ते त्यामुळेच." शैला म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. आईने तिचं नाव कित्येक वर्षांनी घेतलं, आणि तेही तेलकट वड्यासाठी. माझी मुलगी तिथेच टोस्ट खात होती. तिने विचारलं, "हू'ज शैला?" आई म्हणाली, "कोणी नाही गं." मी डाळीवर झाकण ठेवलं. आता डाळ भिजेपर्यंत दुसरं काम नाही, तेव्हा ही कोणी नाही ती कोण होती, ते लिहून टाकते.

आम्ही तेव्हा डब्लिनपासून लांब, वॉटरफोर्डला राहायचो. बाबा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते आणि मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत. चढावरच्या रस्त्याला लागून भाड्याचं घर होतं, शेजारच्या घराला भिंत चिकटलेली. भिंतीपलीकडे ब्रीडा नावाची बाई राहायची, तिचा रेडिओ आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. घरात ओल इतकी की मिठाच्या बरणीत तांदूळ घालूनही मिठाचा दगड व्हायचा. बॉयलर सुरू झाला की घरभर एक घरघर उठायची आणि बंद झाला की लगेच थंडी. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये सांगलीहून आलेला मसाला, गूळ, पोहे असं सगळं कुलूप लावल्यासारखं ठेवलेलं असायचं, कारण पुन्हा कोण कधी येणार आणि आणणार याचा भरवसा नसे. आई एम.एस्सी. झालेली, सांगलीच्या कॉलेजात शिकवणारी. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर घर आणि जिन्याखालचा फोन. त्या फोनवर डब्लिनमधली मराठी माणसं होती आणि ती आमच्याबद्दल काय म्हणतात, हीच आईची कमाई होती. आज मला ते समजतं. समजलं म्हणून कडवटपणा कमी होतो, असा माझा अनुभव नाही.

मावशीला बोलावलं आईनेच, ते श्रेय तिचं आहे. मावशीचा नवरा इचलकरंजीला यंत्रमागाच्या सुट्या भागांचा धंदा करायचा आणि घरी आला की हात उचलायचा. एक दिवस मावशी पिशवी घेऊन निघाली ती मिरजेला मामाकडे. मामीने थोडे दिवस ठेवून घेतलं, मग भांडी आदळायला सुरुवात केली. आजी-आजोबा नव्हते. आईने बाबांच्या मागे लागून तिला तात्पुरत्या व्हिसावर आमच्याकडे आणलं. ती मुदत संपली की परत, आणि परत म्हणजे कुठे, ते कोणीच बोलत नव्हतं.

मावशी आली त्याच आठवड्यात डब्लिनहून देवस्थळी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे तिथल्या मराठी बायकांचं मुख्य कार्यालय. आई फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "हो, माझी धाकटी बहीण आली आहे. तिचे मिस्टर गेले हो." आम्ही सगळे तिथेच होतो. बाबांनी पेपर वर केला. फोन ठेवल्यावर आई कोणाकडेही न बघता म्हणाली, "सोडून आली म्हटलं की शंभर प्रश्न. गेले म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

"ताई, कशाने गेला ते तरी सांग," मावशी म्हणाली. "मला विचारलं तर माहीत हवं."

"हार्टने."

"त्याला हार्ट होतं हे ऐकून बरं वाटलं."

मावशी अशी होती. तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा प्रेसमध्ये साबुदाण्यामागे सरकवून दिला. नंतर डब्लिनला एकदा हळदीकुंकू झालं तेव्हा तिला आत स्वयंपाकघरात डाळ वाटायला बसवलं. परत येताना गाडीत म्हणाली, "विधवा असणं सोपं आहे गं. कोणी छळत नाही. फक्त फूल देत नाहीत."

त्या सुमारास बाबांनी माझं इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून त्यांनी माझ्यासाठी एक जाड कादंबरी आणली. निवड कशी केली, तर मुखपृष्ठावर टोपीतली एक सोज्वळ बाई होती आणि वर 'क्लासिक' असं छापलेलं होतं. आमच्या घरात क्लासिक या शब्दाला देवघरात जागा होती. "रोज मोठ्याने वाच," बाबा म्हणाले, "उच्चार सुधारतील, चार चांगले विचारही कानावर पडतील." मग रोज संध्याकाळी मावशी पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशी स्टुलावर बसून वाचायची. दोन पानं वाचून झाली की मावशी लाटणं थांबवून म्हणायची, "आता माणसासारखं सांग." मी मराठीत सांगायची.

त्या चांगल्या विचारांच्या पुस्तकातली बाई तुरुंगात जन्मलेली निघाली. दिसायला चांगली, डोक्याने तल्लख, हाताशी काही नाही. ती एक नवरा करते, तो मरतो किंवा पळतो, की पुढचा शोधते. प्रत्येकाला आपल्याबद्दल वेगळं काहीतरी सांगते. कोणाला वाटतं पैसेवाली विधवा आहे, कोणाला वाटतं घरंदाज आहे. पुढे वय झालं, नवरे मिळेनासे झाले, तशी ती चोऱ्या करू लागते आणि त्यातही हुशार निघते. भाषा इतकी जुनी की अर्ध्या गोष्टी मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळायच्या, आणि कळल्या की मी आवाज खाली आणायची. आई आतबाहेर करायची, पण वाचन इंग्रजीतून आणि पुस्तक क्लासिक, त्यामुळे तिने कधी कान दिला नाही. मी मराठीत सांगायला लागले की मावशी चिमट्याने तवा वाजवत राहायची.

"कितवा हा?"

"चौथा बहुतेक."

"बघ. आपला एक सुटता सुटत नाही."

मी हसले. मावशी हसली नाही. पोळी उलटून म्हणाली, "लोक हिला लबाड म्हणत असतील, नाही? पण अश्वे, हिला पहिल्यापासून एकाने तरी विचारलंय का, की बाई, तू राहणार कुठे?" थोड्या वेळाने तिनेच पुन्हा विचारलं, "हिने कोणालाच खरं नाही सांगितलं?"

"अजून तरी नाही."

"मग एकदा सांगून बघायला पाहिजे होतं."

गणपतीत काकू आमच्याकडे दर्शनाला आल्या आणि बरोबर त्यांचा भाऊ श्रीकांत आला. डब्लिनजवळ लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनीअर, शांत, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूल नाही. मावशीने मोदक केले होते. तो खाली मान घालून खात राहिला, आणि मावशीने तूप पुढे केलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही बसा ना. सारख्या उभ्याच आहात." एवढंच. पण मावशी बसली. आमच्या घरात आल्यापासून पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदा बसली. काकूंनी आईकडे बघितलं, आईने काकूंकडे, आणि ठरवायचं ते दोघींनी डोळ्यांनीच ठरवलं. विधवा आणि विधुर, दोन्हीकडे मुलं नाहीत, नावं ठेवायला जागा नाही. मावशीचा इथे राहण्याचा प्रश्न कायमचा सुटला असता. घटस्फोट झालेला नव्हता, ही एक अडचण होती. पण आई बाबांना म्हणाली, "कागदाचं मागाहून बघू."

निघताना काकू पायात चपला घालता घालता म्हणाल्या, "आता पंधरवडा लागेल, तो संपला की बोलू. आधी त्यांचं एकदा व्यवस्थित पान वाढलं जाऊ दे. मागे कोणी करणारं नाही म्हणता, मग माधुरी, तुम्हीच करा. मनात काही राहायला नको. तिथी कोणती त्यांची?"

मावशी मोदकाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने काही उत्तर द्यायच्या आधी आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि सांगितलं, "दशमी."

"म्हणजे रविवारीच आली की," काकू म्हणाल्या. "बरं पडलं. श्रीकांतलाही सुट्टी. आम्ही येतो."

अशा रीतीने आम्ही इचलकरंजीत धडधाकट असलेल्या माणसाचं श्राद्ध घालायला निघालो. बाबा म्हणाले, "माधुरी, मी डॉक्टर आहे. जिवंत माणसाचं मी असलं काही करणार नाही." आई म्हणाली, "तुम्हाला सर्टिफिकेट मागितलेलं नाही. पान वाढा आणि नमस्कार करा." बाबांनी शनिवारी धोतर इस्त्री केलं.

आदल्या संध्याकाळी मावशी भिजलेली डाळ वाटत होती. मिक्सर थांबवून म्हणाली, "ताई, त्याला आधी सांगू या. माणूस बरा वाटतो. सुटका होईपर्यंत थांबेलसुद्धा."

"वेडी आहेस का? थांबला नाही तर?"

"नाही तर नाही. पण उद्या ह्याच्या घरी नांदायला लागले आणि तिकडून तो उपटला, तर ह्याला काय सांगू? वर जाऊन परत आला म्हणून?"

"शैला, मी तुझ्यासाठी किती जणांना काय काय सांगितलंय ते तुला माहीत आहे," आई म्हणाली. "माझं तोंड पाडू नकोस."

मावशीने मिक्सर पुन्हा सुरू केला. पीठ जास्त वेळ फिरत राहिलं.

रविवारी काकू आल्या, पदर खोचून सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "त्यांना काय आवडायचं? ते पानात हवं." मावशी म्हणाली, "त्यांना काही आवडायचं नाही." काकूंना ते फार लागलं, त्यांनी मावशीच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांनी मागच्या अंगणातल्या भिंतीवर पान ठेवलं. म्हणजे कागदाची प्लेट. केळीचं पान कुठून आणणार. इथल्या धुराड्यांमध्ये करड्या मानेचे लहान कावळे घरटी करतात, अतिशय धीट. बाबांचे हात जोडून व्हायच्या आत एक उतरला आणि अख्खा वडा घेऊन ब्रीडाच्या छपरावर जाऊन बसला. काकूंचे डोळे भरून आले. "लगेच शिवला हो," त्या म्हणाल्या. "काही इच्छा राहिली नव्हती त्यांची." ब्रीडा भिंतीपलीकडून विचारत होती, पक्ष्याला एवढं गरम खायला का घालताय म्हणून. मावशी तोंडाला पदर लावून आत गेली. सगळ्यांना वाटलं रडतेय. मी प्रेसच्या उघड्या दाराआड तिला बघितलं. आधी ती खरंच हसत होती.

जेवणं झाल्यावर मावशी वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली. श्रीकांत मागोमाग गेला, चिमटे गोळा करू लागला. मी ताटातलं उष्टं बाहेरच्या डब्यात टाकायला आले होते. मावशी चादरीची घडी घालत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "श्रीकांतराव, आज ज्याचं पान वाढलं तो जिवंत आहे. मी त्याला सोडून आलेय. मारायचा. कागद व्हायचेत. तुम्हाला थांबायचं असलं तर थांबा, नसलं तर माझा राग नाही. पण माहीत नसताना तुम्ही हो म्हणू नये, असं मला वाटलं."

त्याने दोरीवरचा शेवटचा चिमटा काढला. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत." चिमटे त्याने एक एक करून डब्यात ठेवले, एकही खाली पडू दिला नाही, आणि घरात जाऊन बहिणीला म्हणाला, निघू या, रस्ता लांबचा आहे.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मी जिन्यावर बसले होते, मावशी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. आई नुसतं "हो, हो" करत होती. मग तिने आमच्याकडे पाठ केली आणि तोंडात तूप धरून बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, आम्हालासुद्धा तिने असंच सांगितलं होतं. सख्ख्या बहिणीला फसवलंन. आम्ही तर यांना धोतर नेसवून पान वाढलं हो."

मावशीने हातातलं फडकं घडी करून ओव्हनच्या दांडीवर टाकलं. मग वरून बॅग काढल्याचा आवाज आला. बाबांनी तिचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. रात्रीच्या जेवणाला आईने मला विचारलं, "ते पुस्तक कशाबद्दल आहे गं? तुम्ही दोघी कशाला हसायचात?" मी सांगितलं. आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी ताटाकडे. "अशाने डोकी फिरतात," आई म्हणाली. त्या दिवसापासून मावशीने जे केलं ते पुस्तकाने केलं, असं आमच्या घरात ठरलं. कोणाच्या तरी माथी मारायला हवंच होतं, आणि पुस्तकाला बहीण नव्हती.

मावशीला बसवर सोडायला मीच गेले. बंदरावर वारा होता, समुद्रपक्षी डोक्यावर कर्कश ओरडत होते. तिने मला डब्यातले उरलेले बेसनाचे लाडू परत दिले, म्हणाली विमानात कोण खातंय. पुस्तक संपायच्या आतच ती निघाली होती. बसचं दार उघडल्यावर तिला आठवलं.

"शेवटी काय होतं गं तिचं?"

मी पुढचं एकटीने वाचून काढलं होतं. "पकडतात. पण सुटते. मग परदेशात जाते, श्रीमंत होते. म्हातारपणी सुखात असते, नवरासुद्धा असतो."

"बाईने लिहिलंय?"

"नाही. पुरुषाने."

"तरीच," मावशी म्हणाली आणि बसमध्ये चढली.

मिरजेला मामीने दार उघडलं, पण फार दिवस नाही. शेवटी ती इचलकरंजीलाच परत गेली. पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्यात आश्चर्य वाटावं असं काही नाही. मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ज्याचं आम्ही पान वाढलं तो म्हातारा अजून आहे, ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा लागत नाही म्हणे. मावशीचं कोणी करतं की नाही, मला माहीत नाही. मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "तिचं तिच्या नवऱ्याकडचे बघतील."

मावशीला सोडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचे बूट घालत असताना फोन वाजला. आई आत चहा करत होती, मी उचलला. काकू होत्या. मी सबंध रात्र मनात घोकलं होतं ते एका दमात सांगून टाकलं: की मावशी खोटं बोललीच नाही, मिस्टर गेले हे आईने सांगितलं, तिथी आईने काढली, मावशी आदल्या दिवशीसुद्धा नको म्हणत होती, आणि काकूंनी हे श्रीकांतमामांना सांगावं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "अश्विनी, बाळा, मला ते तेव्हाच कळलं होतं. माणूस गेल्याची तिथी कोणी कॅलेंडरात शोधत नाही. तुझ्या आईने आधी रविवार बघितला. मी काही बोलले का? कागद झाले असते मागाहून, सगळं नीट बसलं असतं. आपणच एकमेकींचं झाकायचं असतं. त्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आता मी भावाला काय सांगू, मलाही माहीत होतं म्हणून?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "आई आहे का?"

मी फोन ठेवून दिला.

"कोण होतं गं?" आईने आतून विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं, डबा दप्तरात घातला आणि शाळेत गेले.